खाली आलेला हात

हात वर गेला तो त्याने नेला होता. खाली आला तो मात्र आपला आपण आला. ते त्याच्या ध्यानात आलं तेव्हा हात मांडीवर निमूट पडलेला होता आणि त्याच्या मालकाला, म्हणजे त्याला, काही विचारलंच गेलं नव्हतं. तसा प्रसंग काही मोठा नव्हता. इमारतीच्या तळमजल्यावरच्या चष्मेवाल्याने नेत्रपेढीच्या एका बाईंना बोलावलं होतं आणि दुकानं उघडायच्या आधी सगळ्यांनी दहा मिनिटं ऐकून घ्या म्हणून जिन्याखालच्या मोकळ्या जागेत खुर्च्या मांडल्या होत्या. शिंपी गळ्यात टेप घालूनच आला होता. वरच्या मजल्यावरच्या शिकवणीच्या मास्तरीणबाई, कुलपं दुरुस्त करणारे दोघे भाऊ, आणि फोटो स्टुडिओतून मालक आणि तो. बाईंनी आधी विचारलं, नेत्रदानाबद्दल कोणी कोणी ऐकलंय? सगळे हात वर. हसू यावं इतके भराभर वर. मग विचारलं, आपल्या मरणानंतर आपले डोळे द्यायला कोण कोण तयार आहे? थोडे हात गळाले, पण त्याचा तसाच राहिला. उलट त्याने जरा आजूबाजूला बघूनही घेतलं, आपल्याला कोण बघतंय ते. मग बाईंनी स्वतःचा चष्मा काढून पदराला पुसला आणि अगदी घरातल्यासारखं विचारलं, “आता वर आहेत ते हात तसेच ठेवा. तुमच्या घरातलं माणूस गेलं, आणि माझे डोळे द्या असं त्याने सांगून ठेवलेलं होतं. काही तासांच्या आत आम्हाला कळवावं लागतं. तर तेव्हा फोन कोण करेल? कारण गेलेला माणूस काही फोन करत नाही.” लोक हसले. त्या हसण्यातच कधीतरी त्याचा हात खाली आला.

वर येऊन तो कामाला बसला, पण लक्ष त्या हाताकडेच. माउस धरलेला तो हात आता अगदी शहाण्यासारखा वागत होता. त्याला लाज वाटायला हवी होती आणि थोडी वाटलीही. पण लाजेपेक्षा नवल जास्त वाटत होतं. आपण आपल्याला इतकी वर्षं ओळखतो, आपल्याला काय आवडतं, कशाचा राग येतो, कोणत्या दुकानदाराशी आपण उगाच घासाघीस करतो, सगळं ठाऊक. आणि अशा माणसाचा हात त्याला न विचारता खाली येतो म्हणजे आत आणखी कोणीतरी राहतं. ते कोण, हे बघावंसं त्याला वाटू लागलं. भाडेकरू असेल तर निदान तोंडओळख तरी व्हायला हवी.

पडद्यावर एक मोठं कुटुंब उभं होतं. कुठल्याशा बागेत काढलेला फोटो, तिन्ही पिढ्या, सगळे हसताहेत, आणि मधोमध उभ्या असलेल्या काकांचे डोळे मिटलेले. असे डोळे उघडणं हेच त्याचं काम. स्टुडिओत त्याला सगळे ‘सर्जन’ म्हणत, आणि सुरुवातीला चेष्टेने म्हणत असले तरी आता ते नावच पडलं होतं. घोळक्याच्या फोटोंत कोणी ना कोणी डोळे मिटतंच. मग त्याच माणसाचा दुसरा फोटो शोधायचा, त्यातले उघडे डोळे उचलायचे आणि इथे आणून बसवायचे. दुसरा फोटो नसेल तर भावाचे घ्यायचे, बहिणीचे घ्यायचे, मुलाचे घेऊन थोडे थकवायचे. गिऱ्हाइकाला पत्ता लागत नाही. खुद्द ज्याचे डोळे बदलले तोही फोटो बघून म्हणतो, वा, छान आलाय. म्हणजे आयुष्यभर आपण डोळे इकडचे तिकडे करत आलो, हा विचार त्याला आजपर्यंत कसा आला नाही, याचं त्याला परत नवल वाटलं. देण्याघेण्यात आपल्याइतका सरावलेला माणूस त्या खुर्च्यांवर दुसरा नव्हता. आणि हात खाली आला तो आपलाच.

कारणं शोधायला त्याने सुरुवात केली. हरवलेली किल्ली शोधताना माणूस जे खिसे आधीच चाचपले तेच पुन्हा चाचपतो, तसं त्याचं झालं. भीती? मेलेल्या माणसाची त्याला भीती वाटत नव्हती. देवाधर्माशी त्याचं फारसं जुळलेलं नव्हतं आणि बिनसलेलंही नव्हतं. चेहरा विद्रूप होईल म्हणावं, तर पापण्या मिटलेल्याच असतात, बघणाऱ्याला काही कळतही नाही, असं बाईंनी सांगितलं होतं. फोन करायचा आळस? तो तर वीज गेली तरी सगळ्या इमारतीच्या आधी तक्रार नोंदवणारा माणूस. एकेक कारण पुढे येऊन ‘मी नव्हे’ म्हणत होतं. आणि सगळ्यांच्या मागे, ज्याच्याकडे तो मुद्दाम बघत नव्हता असा, आक्काचा पलंग होता.

आक्का म्हणजे त्याची थोरली बहीण. इतकी थोरली की शाळेत तिला पुष्कळजण त्याची आई समजत आणि तिने कधी कोणाचा गैरसमज दूर केला नाही. आई गेली तेव्हा तो पाटी-दप्तराच्या वयाचा होता. तेव्हापासून त्याला वाढवलं तिने, आणि वाढवलं म्हणजे मुख्यतः नजरेत ठेवलं. लग्न केलं नाही. गाडी शिकवायच्या शाळेत नोकरी धरली, आणि अर्धं गाव तिच्या हाताखालून रस्त्यावर आलं. शिकणाऱ्याच्या शेजारी बसायचं, पायाखाली आपला वेगळा ब्रेक, आणि डोळे एकाच वेळी समोर, आरशात आणि शिकणाऱ्याच्या हातावर. “आरसा बघ, मग वळ,” हे ती इतक्या वेळा म्हणाली होती की घरात चहाचा ट्रे घेऊन वळतानासुद्धा त्याची मान आधी फिरायची. आता तिचं हृदय दमलं होतं. डॉक्टरांनी शब्द जपून वापरले होते, तिने वापरले नाहीत. ती म्हणाली, “इंजिन गेलं, पत्रा गंजला. दिवे तेवढे चांगले आहेत.” गेले काही महिने ती त्याच्याच घरी, बाहेरच्या खोलीत, खिडकीजवळच्या पलंगावर होती. आणि एका दुपारी, तो तिच्या गोळ्या काढून देत असताना, तिने हवापाण्याबद्दल बोलावं तसं सांगितलं, “माझे डोळे द्यायचे. मी सगळं विचारून ठेवलंय. मोतीबिंदू काढलेला असला तरी चालतं. फोन तेवढा तुला करावा लागेल.”

तो म्हणाला होता, “आत्ता कशाला तो विषय?”

“मग केव्हा? नंतर मला बोलता यायचं नाही.”

तो उठून पाणी आणायला गेला. पाणी पलंगाशेजारी भरलेलंच होतं. तेव्हापासून ती रोज काही म्हणत नव्हती, पण विषय खोलीत बसून होता. एकदा तिने नुसतं म्हटलं, “इंडिकेटर तरी दे. वळणार का सरळ जाणार? मागच्याला कळत नाही.” त्याची बायको स्वयंपाकघरातून सगळं ऐकत असे. रात्री अंथरूण घालताना तिने विचारलं, “वन्संना काय सांगितलंत?” तो म्हणाला, सांगेन. “अहो, पण त्या रोज तुमच्या तोंडाकडे बघत असतात. एक शब्द बोलायला काय जातं तुमचं?” काय जातं हेच तर त्याला ठाऊक नव्हतं. हो म्हणून टाकणं सोपं होतं. पण आक्काशी खोटं बोलता येत नसे. बोललेलं तिला लगेच कळायचं. आणि तोंडाने ‘हो’ म्हणून मनात ‘नाही’ ठेवायचं, तर ती निघून गेल्यावर त्या फोनपाशी त्याला एकट्यालाच उभं राहावं लागणार होतं. दिवस थोडे होते. उत्तर न मिळताच ती गेली, तर ते उत्तर त्याने मग कोणाला द्यायचं?

जेवणाच्या सुट्टीत तो खाली गेला. बाई अजून चष्मेवाल्याच्या दुकानात चहा घेत बसल्या होत्या. काय विचारायचं ते त्याने जिन्यात ठरवलं होतं, पण तोंडातून दुसरंच निघालं. “तुम्ही बघितलंत का, माझा हात खाली आला ते?”

“बघितलं की.”

“वाईट वाटलं असेल तुम्हाला.”

“छे. वर राहिलेले हात बहुतेक विसरून जातात. तुम्ही त्या विचारात अजून जेवलेलेसुद्धा दिसत नाही.” बाईंनी त्याच्यासाठी खुर्ची ओढली. “कोण आहे घरी?”

“थोरली बहीण.” मग त्याने जे विचारायचं होतं ते विचारलं. “नक्की काय बसवतात हो दुसऱ्याला? सगळा डोळा?”

“नाही नाही. पुढची काच फक्त. बुबुळावर जो पारदर्शक पडदा असतो ना, तो. त्याला रंगसुद्धा नसतो.”

“म्हणजे काळा डोळा, घारा डोळा...”

“ते ज्याचं त्याच्याकडे राहतं. पावडर लावून आलेल्या बाईने घड्याळाच्या काचेत तोंड बघितलं म्हणून काच काही पावडर लावून बसत नाही. पुसली की मोकळी.” चष्मेवाला या उदाहरणावर खूश होऊन हसला. बाईंनी त्याच्याकडे नीट पाहिलं. “तुम्हाला वाटलं की नजर जाते?”

 त्यालाही ते तेव्हाच कळलं, की हो, आपल्याला तेच वाटत होतं. इतक्या साध्या, पोरकट गोष्टीवर आपण इतके दिवस अडून बसलो होतो. आणि ती पोरकट म्हणून काही लगेच उठून गेली नाही, हेही त्याच्या ध्यानात आलं.

वर येऊन त्याने काकांच्या डोळ्यांना हात घातला. दुसरा फोटो नव्हता, म्हणून शेजारी उभ्या असलेल्या भावाचे डोळे घेतले. पापणी थोडी उतरवली, कडेच्या सुरकुत्या काकांच्याच ठेवल्या. सगळं जागच्या जागी बसलं तरी काका मेल्यासारखेच बघत होते, कारण अजून ठिपका दिला नव्हता. ठिपका म्हणजे डोळ्यातली ती पांढरी चमक. ती नेहमी शेवटी द्यायची. ती दिली की माणूस बघायला लागतो. याच ठिपक्यावरून एकदा त्याची चांगली फजिती झाली होती. नोकरीला नवा होता. टेकडीवर उन्हात काढलेला एका मुलीचा फोटो आला, डोळे मिटलेले. स्टुडिओत काढलेला तिचाच दुसरा फोटो होता, त्यातले डोळे उचलून त्याने झकास बसवले. मालक खूश, मुलीचे वडील खूश. घरी आक्काला कौतुकाने एक प्रत दाखवली. आक्काने ती हातात धरली, लांब नेली, जवळ आणली. “हिला उन्हात उभी केलीस. मग हिच्या डोळ्यांत खिडकी कुठून आली?” आणि खरंच, दोन्ही बुबुळांवर स्टुडिओतल्या दिव्याची चौकोनी खिडकी लख्ख दिसत होती. डोळे आणताना त्यातली खोलीही आली होती. जगात दुसऱ्या कोणालाही ते दिसलं नाही, आजतागायत. तो फोटो अजून कोणाच्या तरी भिंतीवर असेल आणि ती मुलगी आभाळाखाली उभी राहून खिडकीकडे बघत असेल.

आज मात्र काकांना ठिपका देताना त्याचा हात मध्येच थांबला, आणि या वेळी तो त्यानेच थांबवला. ठिपका कशावर पडतो? त्या पुढच्या काचेवरच. त्याच पारदर्शक पडद्यावर. म्हणजे ज्याने माणूस जिवंत दिसतो, ज्याला आपण नजर नजर म्हणतो, ते त्या माणसाचं नसतंच. ते समोर जे असेल त्याचं असतं. टेकडीवर आभाळाचं, स्टुडिओत दिव्याचं. फोटोत उचललेल्या डोळ्यांत खोली चिकटून येते, कारण फोटो तिथेच थांबलेला असतो. खऱ्या काचेत काही चिकटत नाही. आक्काच्या काचेवर आजवर किती शिकणाऱ्यांचे घामेजलेले हात, किती सिग्नल, किती वळणं येऊन गेली असतील, आणि एकही थांबलेलं नाही. उद्या ती काच दुसऱ्या कोणाकडे गेली तर त्याच्यासमोरचं दाखवील. त्याची बायको, त्याचं जिन्यातलं अंधारं वळण, त्याच्या हातातला कप. आक्काचं काही त्यात नसेल. आणि आपलंही काही नसेल.

इथे तो भाडेकरू अखेर दाराबाहेर आला, आणि ती भीतीही नव्हती नि श्रद्धाही नव्हती. तो होता हेवा. शुद्ध, लहान मुलाचा हेवा. पाचवीतल्या मुलाने आपल्या आईच्या मांडीवर दुसरं मूल बघितल्यावर वाटावा तसला. या काचेवर सगळ्यांत जास्त वेळ आपण होतो. शाळेच्या फाटकात शिरणारे आपण, तापात कण्हणारे आपण, पहिल्या पगाराचं पाकीट पुढे करणारे आपण, आणि आता पलंगाशी पाण्याचा पेला धरून उगाच उभे राहणारे, टक्कल पडलेले आपण. आपण लहान होतो याचा साक्षीदार जगात आता तेवढा एकच उरला होता. तो तसाच मिटून जावा, आपल्यासकट मिटून जावा, दुसऱ्या कोणासाठी परत उघडू नये, असं आत कोणीतरी हट्टाने मागत होतं. केवढा अप्पलपोटेपणा. त्याला स्वतःचं हसू आलं, आणि मालकांनी मान वळवून विचारलं, काय सर्जन, पेशंट शुद्धीवर आला वाटतं. तो म्हणाला, आला. मग त्याने काकांच्या डोळ्यांत बागेतल्या उन्हाचे दोन ठिपके ठेवले.

तो घरी पोहोचला तेव्हा बाहेरच्या खोलीत अजून उजेड होता. बायको बाजारात गेली होती. आक्का उशांना टेकून बसली होती आणि खालच्या रस्त्यावर कोणीतरी गाडी मागे घेत होतं त्याकडे तिचं लक्ष होतं. “दोनदा हॉर्न दिला, एकदा आरसा बघितला नाही,” ती म्हणाली. “हा नक्की घासणार.” गाडी घासल्याचा आवाज आला नाही, त्यामुळे ती थोडी हिरमुसली. तो पलंगाच्या कडेला बसला, नेहमीपेक्षा जरा जवळ, आणि तिच्या डोळ्यांत बघू लागला. वयाने बुबुळाच्या कडेला एक फिकट वर्तुळ आलं होतं. मध्ये खिडकी होती, छोटी, वाकलेली, आणि खिडकीपुढे एक काळपट आकार होता, तो म्हणजे तो स्वतःच. तो जरा डावीकडे सरकला. आकारही सरकला आणि खिडकी मोकळी झाली.

“काय बघतोस?” ती म्हणाली. “पिवळे झालेत का?”

“नाही. चांगले आहेत.”

“मग असं काय, गिऱ्हाइकाकडे बघितल्यासारखं?”

“आक्का, मी फोन करीन.”

 त्याला वाटलं होतं ती म्हणेल, हुश्श. किंवा म्हणेल, इंडिकेटर द्यायला इतका वेळ? तिने चादरीचं टोक सरळ केलं. ते सरळच होतं. मग भिंतीकडे तोंड करून म्हणाली, “करशील?”

“करीन. लगेच करीन. पंखा बंद करायचा, पापण्या मिटून वर ओला कापूस ठेवायचा, डोकं थोडं उंच ठेवायचं. इमारतीत नेत्रपेढीच्या बाई आल्या होत्या, त्यांना सगळं विचारून आलो.”

“एवढं सगळं विचारून आलास.”

तिचा आवाज नेहमीचा नव्हता. त्याने तिच्याकडे बघितलं, पण ती भिंतीकडेच बघत होती. इतके दिवस हे उत्तर मिळावं म्हणून ती त्याच्या मागे होती आणि आता मिळालेलं उत्तर तिला कुठे ठेवावं ते कळत नसावं. खालची गाडी निघून गेली. ती म्हणाली, “मला वाटलं होतं तू नाहीच म्हणशील. मी भांडणार होते तुझ्याशी. काय काय बोलायचं तेही ठरवून ठेवलं होतं.” आणि मग, अगदी हळू, “जरा नाही म्हणाला असतास तरी चाललं असतं रे.”

तेव्हा त्याला कळलं की खोलीत हट्ट धरणारा तो एकटाच नव्हता. हिलाही कोणीतरी धरून ठेवायला हवं होतं. घट्ट, वेड्यासारखं, देत नाही जा म्हणून. ती देऊन टाकायला निघाली होती ते खरंच होतं. पण देणाऱ्यालाही आपली वस्तू कोणाला तरी सोडवत नाही हे बघायचं असतं. आणि तो इतके दिवस नेमकं तेच करत होता, फक्त तिला सांगत नव्हता.

“म्हणालो होतो,” तो म्हणाला. “आज सकाळपर्यंत नाहीच म्हणत होतो. त्या बाईंनी विचारलं तेव्हा चारचौघांत हात खाली आला माझा.”

“का?”

“हेवा वाटला. कोणी परका माणूस तुझ्या डोळ्यांनी त्याच्या बायकोकडे बघणार, पेपर वाचणार. आणि मी? माझ्याकडे कोण बघणार?” तो म्हणून गेला आणि पन्नाशी उलटलेल्या माणसाच्या तोंडी ते कसं वाटलं हे ऐकून त्याचे कान तापले.

आक्काने मान वळवली. ती त्याच्याकडे बघत राहिली, आरशात नाही, रस्त्यावर नाही, फक्त त्याच्याकडे. “वेडा आहेस,” ती म्हणाली. “हे आधी नाही का सांगायचं?”

“मलाच आज कळलं.”

“आणि तरी करशील?”

“तरी करीन.”

ती मान हलवत राहिली, थोडी त्याला, थोडी स्वतःला. मग तिला काहीतरी आठवल्यासारखं झालं आणि तिने विचारलं, “का रे, रडल्याने द्यायच्या डोळ्यांचं काही बिघडतं का? तुझ्या त्या बाईंना विचारलंस का ते?”

“विचारायला कशाला हवं? काही बिघडत नाही.”

“नक्की?”

“नक्की. उलट ओले राहिलेले बरे.”

“मग दार लोटून घे जरा,” आक्का म्हणाली. त्याने उठून दार लोटलं आणि येऊन तिच्याजवळ बसला. आई गेली तेव्हा तिला रडताना त्याने पाहिलं नव्हतं, त्यानंतरही कधी नाही. आता तिने त्याचा हात धरला आणि चेहरा न झाकता, त्याच्यावरून नजर न काढता, ती रडू लागली.